रुमालात बांधलेली माणसं

रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केलेल्या माणसाला कुणी किस्से विचारू नयेत. फडताळातून एक गाठोडं ओढावं, तर त्याच्या दोरीत अडकून शेजारची दोन खाली यावीत, तसं होतं. मध्ये राजाजीनगरात भाच्याच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याचा एक मित्र सहज म्हणाला, "मामा, तुमचं ऑफिस म्हणजे नुसती धूळ असेल ना?" म्हटलं, धूळ होतीच. पण धुळीखाली माणसं होती. मग काय, ताटावरचे हात वाळले तरी आम्ही उठलो नाही.

आधी थोडं सांगून ठेवतो. आमच्याकडे सरकारी कागद तांबड्या कापडात बांधून ठेवायची जुनी पद्धत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणायचं. असे हजारो रुमाल एका दगडी इमारतीच्या तळमजल्यावर लाकडी रॅकवर रचलेले. त्यांतले जुन्यातले जुने मोडीत, म्हणजे मराठीत, कारण पूर्वी इथला सरकारी हिशेब मराठीतही चालायचा. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी, दहा-बारा पिढ्या इथंच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. आजोबांनी मला हट्टाने मोडी शिकवली होती. तिचा उपयोग काय, हे त्यांनाही माहीत नसावं. पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांत मला तिच्यावरच नोकरी लागली, आणि ऑफिसात माझं नाव पडलं मोडीराव. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

ऑफिसातलं बोलणं सगळं कन्नडात चालायचं. इथं ते मराठीत सांगतो, चालवून घ्या.

*

मुलाखत घेतली सुपरिंटेंडेंट शेषगिरीरावांनी. कपाळाला उभं गंध, बंद गळ्याचा कोट, आणि समोर एक मोडी कागद.

"वाच."

मी वाचायला लागलो. कुठल्या तरी तळ्याचा बांध फुटल्याची हकीकत होती. दोन ठिकाणी अडलो. एक शब्द तर शेवटपर्यंत लागला नाही. तसं सांगून टाकलं. मनात म्हटलं, गेली नोकरी. माझ्याआधी आलेला उमेदवार खडाखडा वाचून गेला होता. बाहेर बाकावर बसून मी सगळं ऐकलं होतं.

शेषगिरीराव म्हणाले, "सोमवारपासून ये."

दोन वर्षांनी कळलं, की त्यांना स्वतःला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, "मग सर, माझं बरोबर आहे हे कशावरून ओळखलंत?"

"तुझं बरोबर आहे हे कुठं ओळखलं? त्याचं खोटं आहे हे ओळखलं. शंभर वर्षांपूर्वीचा कागद न अडता वाचणारा माणूस मनाचं वाचत असतो."

*

न अडण्याची चूक पुढे मी स्वतःच केली. ती हसून सांगण्यासारखी नाही.

कोलारच्या वाटेवरच्या एका गावात देवीच्या पूजेच्या मानावरून दोन घराण्यांत कोर्टकज्जा चालला होता. एक जुना मोडी कागद आमच्याकडे होता. कोर्टाने त्याचं कन्नड भाषांतर मागवलं. कागदात ओळ होती, 'मयत भिकाजी, मागे लेक एक, वय सहा.' मी कन्नडात लिहिलं, 'मग'. म्हणजे मुलगा. सही केली, शिक्का मारला, कागद गेला.

भांडणाऱ्यांपैकी एक घराणं म्हणत होतं, आम्ही भिकाजीच्या एकुलत्या एका मुलीचे वंशज. माझ्या भाषांतराप्रमाणे भिकाजीला मुलगी नव्हतीच. त्यांची पणजी जन्मालाच आली नव्हती म्हणा ना. ते हरले.

तीन वर्षांनी दुसऱ्याच एका रुमालाची यादी करताना एक चिठोरं हातात आलं. 'भिकाजीची लेक गंगा, इचे लग्नास मांडवाचे बांबू द्यावे.' मराठीत लेक म्हणजे मुलगाही होतो आणि मुलगीही. हे मला माहीत नव्हतं का? माझी आई मला लेक म्हणायची आणि माझ्या बहिणीलाही.

कागद घेऊन शेषगिरीरावांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "अपिलाची मुदत गेली. आता हे नुसतं खरं आहे."

एका रविवारी मी त्या गावाला गेलो. हरलेल्या घरातला मुलगा, रंगप्पा, तिथल्याच शाळेत मास्तर होता. वडील निकालानंतर वर्षभरात गेले होते. देवीच्या देवळासमोरून जायला नको म्हणून शेवटपर्यंत ते शेताच्या बांधावरून वळसा घालून घरी यायचे, असं तो म्हणाला. मी त्याला शाळेतच गाठलं होतं. सगळं सांगितलं, चिठोऱ्याची नक्कल समोर ठेवली. वाटलं, ओरडेल, अंगावर येईल. त्याने नक्कल वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि उठून फळ्यापाशी गेला. खडूने तीन शब्द लिहिले आणि छडी लावून, मुलांना शिकवतात तसं, एकेक वाचून दाखवलं.

"मग, म्हणजे मुलगा. मगळु, म्हणजे मुलगी. मगु, म्हणजे मूल." छडी तिसऱ्या शब्दावर ठेवून तो म्हणाला, "स्वामी, हा शब्द पहिलीत शिकवतो आम्ही."

*

मधे जरा हलकं सांगतो. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली आणि शेजारच्या प्रांतांतले जिल्हे आमच्यात आले. जिल्ह्यांमागून त्यांचे कागद आले, लॉऱ्या भरभरून. एका लॉरीबरोबरच्या पत्रात लिहिलं होतं, 'एकूण दप्तरे ३१२.' आम्ही मोजली, ३११.

आमचे रेकॉर्डकीपर नंजुंडय्या. त्यांचा हिशेब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. टाचणी हरवली तरी त्यांना रात्री जेवण जात नसे. त्यांनी तिकडे पत्र लिहिलं, एक दप्तर कमी आहे. तिकडून उत्तर, आम्ही पूर्ण पाठवलं. पुन्हा पत्र. तिकडचा एक कारकून या चौकशीत बदलून गेला, आमच्या एका हमालाची पगारवाढ अडकली. चार वर्षं हे चाललं.

चार वर्षांनी तिकडचा एक म्हातारा हेडक्लार्क रिटायर होण्याआधी मुद्दाम बेंगळूरला आला, आमच्याबरोबर बसून एकेक दप्तर मोजलं. ३११. मग त्याने डोक्याला हात लावला.

"पत्रव्यवहार कुठं ठेवलाय तुम्ही?"

नंजुंडय्यांनी दाखवलं. हरवलेल्या दप्तराबद्दलच्या पत्रांचंच एव्हाना चांगलं जाडजूड दप्तर झालं होतं. म्हाताऱ्याने ते उचललं, रॅकवर शेवटी ठेवलं आणि म्हणाला, "झाली ३१२. आता मला घरी जाऊ द्या."

आणि नंजुंडय्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता, "सरी", म्हणजे ठीक, म्हणून सही केली.

*

कागद ठेवण्यापेक्षा ते नष्ट करण्याचे नियम जास्त असतात. कायमचे कोणते, वीस वर्षांचे कोणते, दहा वर्षांचे कोणते, याच्या याद्या असतात. मुदत संपलेले सुरुवातीला रद्दीत विकायचे. व्यापारी बैलगाडी घेऊन यायचा.

एका दुपारी काही कामाने शिवाजीनगरला गेलो होतो. बस स्टँडमागे एका गाड्यावर बोंडा घेतला. गाडीवाल्याने कागदावर दिला. बोंडा खाल्ला, कागद फेकणार, तेवढ्यात त्यावरचा शिक्का दिसला. शिक्का आमचा होता.

कायम ठेवायच्या यादीतलं रजिस्टर होतं ते. जुन्या मोठ्या दुष्काळात ज्यांचे आईबाप मेले, त्या पोरांची सरकारी छावणीतली नोंद. पान आडवं फाडलेलं. माझ्या हातात वरची अर्धी बाजू. कन्नडात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगी, वय अंदाजे तीन. नाव सांगता येत नाही. उजव्या कानामागे डाग. आई छावणीच्या दारात वारली. मुलगी दिली' आणि तिथं पान संपलं.

मी गाडीवाल्याला म्हटलं, "याचा खालचा तुकडा कुठं आहे?"

त्याने गिऱ्हाइकांकडे बघितलं. सात-आठ जण उभ्याने खात होते, आणखी तेवढेच आधीच खाऊन निघून गेले होते. रस्त्यात पडलेले कागद मी वाकून वाकून उचलायला लागलो. लोकांना वाटलं, माझं काही मोलाचं पडलंय. एक-दोघं मदतीला वाकले. तेलकट तुकडे पुष्कळ मिळाले, ते वेगळ्याच पानांचे होते. गाडीवाल्याकडे उरलेली चौदा पानं मी परत घेतली. तो बिचारा भला होता. त्याने ती चौदाही पानं हाताने पुसून दिली.

"जुना कागद फार चांगला असतो हो," तो म्हणाला. "नव्यासारखं तेल पीत नाही."

यादी करताना कुणीतरी एक खूण चुकीच्या रकान्यात केली होती, एवढंच झालं होतं. तपासात नंजुंडय्यांची चूक नाही असं ठरलं, पण आठवडाभर ते सगळ्या याद्या पहिल्यापासून तपासत बसले. त्यानंतर रद्दी विकणं बंद झालं. मुदत संपलेले कागद सुपरिंटेंडेंटांच्या समोर, एकेक पान मोजून, अंगणात जाळायचे, अशी ऑर्डर निघाली.

त्या मुलीला कुणाला दिलं, ते मात्र कुणाच्या तरी बोंड्याबरोबर गेलं.

*

शेषगिरीरावांना बोटाला जीभ लावून पान उलटायची सवय होती. सगळ्यांनाच होती, पण त्यांची म्हणजे फारच. दिवसाला चारशे-पाचशे पानं ते सहज उलटत.

आणि आमच्या कागदांवर विष होतं. गुप्त काही नव्हतं त्यात. वाळवी आणि कसर लागू नये म्हणून जिल्दीच्या खळीत मोरचूद घालायचे, आणि दरवर्षी एक माणूस डब्यातून पांढरी पूड आणून रॅकवर, रुमालांवर, जमेल तिथं आत पानांवरही मारून जायचा. मेलेल्या पाली आम्ही रोज झाडून काढत होतो.

नंजुंडय्यांनी लेखी मागणी केली होती की टेबलागणिक ओला स्पंज ठेवायला काचेची वाटी मिळावी. पोस्टात असते तशी. शेषगिरीरावांनी शेरा मारला, 'आजवर अडले नाही. आवश्यकता दिसत नाही.'

हळूहळू त्यांच्या पोटात दुखायला लागलं. केस गेले, हाताच्या कातडीवर काळे ठिपके आले. घरात म्हणायचे, हॉटेलचं खाणं बाधतंय. मग हॉटेल सोडलं. मग तिखट सोडलं. मग भात सोडला. एकेक सोडत गेले, पण ऑफिस सोडलं नाही. रजेवर असले तरी फाइल घरी मागवायचे. मी स्वतः नेऊन दिल्यात. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

शेवटी इस्पितळात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "तुम्ही काम काय करता?" त्यांनी सांगितलं. डॉक्टरने त्यांच्या उजव्या हाताचं बोट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. पण तेव्हा फार उशीर झाला होता.

ऑफिसात शोकसभा झाली. सह्यांसाठी वही फिरली. वही नवी, पानं एकमेकांना चिकटलेली. ती सुटेनात. पस्तीस माणसं होतो आम्ही, कुणीही बोट तोंडाकडे नेलं नाही. नखाने, फुंकरीने, पेन्सिलीच्या टोकाने, कशीबशी पानं सोडवली.

त्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो तर प्रत्येकाच्या टेबलावर काचेची वाटी होती. तीत ओला स्पंज.

*

मुनिस्वामी आमचा अटेंडर. तमिळ माणूस, शिवाजीनगरकडचा; मला 'बुद्धी' म्हणायचा, म्हणजे मालक. त्याला कुठलीच लिपी येत नव्हती आणि कुठलाही रुमाल तो पाच मिनिटांत आणून द्यायचा. कापडावरचा डाग, गाठीची पद्धत, वजन, वास, यावरून ओळखायचा. एकदा मी म्हटलं, "आकडे तरी शीक की." म्हणाला, "आकडे पुसतात, बुद्धी. वास राहतो."

एक दिवस ऑर्डर आली, मुनिस्वामीला पंचावन्न पूर्ण, निवृत्त करावे. तो ऑर्डर घेऊन माझ्याकडे आला. वाचून दाखवल्यावर म्हणाला, "काहीतरी चुकलंय. मला पंचेचाळीससुद्धा नसतील."

नोकरीला लागताना वयाचा दाखला नव्हता, तेव्हा डॉक्टरने दात पाहून अंदाजाने वय लिहिलं होतं. उन्हात राबलेला माणूस, थोराड दिसत असेल. आता ते बदलायचं तर जन्माची नोंद हवी.

"तुझा जन्म कधीचा?"

"आई सांगायची, मोठा ताप आला होता ना, घरोघर माणसं मेली, त्याच्या ऐन मध्यात."

म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची ती साथ. वर्ष ठरलं, गाव ठरलं. त्या तालुक्याची रजिस्टरं आमच्याकडेच होती. मी आणि नंजुंडय्या, दोघंही, जेवणाच्या सुट्टीत बसून शोधायला लागलो. रुमाल अर्थात मुनिस्वामीनेच काढून दिला.

मृत्यूचं रजिस्टर गच्च भरलेलं. एकाच घरातली चार-चार नावं, सगळी एका हातची. मग मधेच अक्षर बदललेलं. जन्माचं रजिस्टर उघडलं. साथीच्या सुरुवातीपर्यंत नोंदी होत्या. पुढचे तीन महिने कोरे.

"असं कसं?" मी म्हटलं.

नंजुंडय्यांनी मृत्यूचं रजिस्टर पुन्हा ओढलं, अक्षर बदललं होतं ते पान काढलं. नव्या हाताने लिहिलेली पहिलीच नोंद होती जन्ममृत्यू लिहिणाऱ्या कारकुनाची. त्याच्या जागी तात्पुरत्या बसवलेल्या माणसाला मेलेलेच लिहून होत नव्हते. जन्माला आलेल्यांकडे बघायला त्याला वेळ झाला नसावा.

मुनिस्वामी रॅकला टेकून उभा होता. सगळं ऐकून घेतलं त्याने. दोन्ही रजिस्टरं उचलली, कापडात ठेवली, त्याच्या त्या ठरावीक पद्धतीने गाठ मारली.

"म्हणजे, बुद्धी," तो म्हणाला, "त्या वर्षी मेलो असतो, तर सापडलो असतो."

महिनाअखेरीला तो गेला. पुढे वर्षभर आम्हाला अर्धे रुमाल सापडत नव्हते.

*

आता शेवटचा सांगतो आणि उठतो.

तुळसाबाई बेंगळूरच्याच, जुन्या पेठेतल्या शिंप्याच्या घरच्या. विधवा. एकुलता मुलगा मारुती, अठरा वर्षांचा. स्वातंत्र्याच्या आधीच्या चळवळीत मिरवणुकीत धरला गेला आणि तुरुंगात टायफॉइडने वारला. त्याची फाइल पुढे आमच्याकडे आली. बाईंना हे कुणी सांगितलं कोण जाणे. एका अमावास्येला त्या अर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या. मराठी बोलणारा म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं.

फाइलमध्ये मारुतीने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक अर्ज होता. एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. 'माझी आई तुळसाबाई एकटी आहे. मला ताप येतो. तिला एकदा भेटू द्यावे.' समासात कुणीतरी लाल शाईने लिहिलं होतं, 'पुढील आठवड्यात पाहू.' तारखा बघितल्या तर पुढच्या आठवड्यात तो नव्हता.

मी बाईंना अर्ज वाचून दाखवला. समास वाचला नाही.

त्या म्हणाल्या, "अण्णा, त्यात माझं नाव कुठं आलंय?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्या ओळीत. त्यांनी तिथं आपलं बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने उचललं.

रीतसर नक्कल देता येत होती. ती करून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत केली. "हे त्याचं अक्षर नव्हे." नक्कल आमच्या कारकुनाच्या हातची होती. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एवढं त्यांना कळलं.

मग त्या दर अमावास्येला यायला लागल्या. पदरात चार केळी किंवा पानसुपारी. "अण्णा, स्वल्प दाखवा की." नियमाप्रमाणे दर वेळी अर्ज हवा. पहिली तीनेक वर्षं नंजुंडय्यांनी दर वेळी अर्ज घेतला. नंतर एका अमावास्येला पाहिलं, तर बाई यायच्या आधीच फाइल टेबलावर काढून ठेवलेली. कुणी काढली, मी विचारलं नाही. तिसरी ओळ त्यांना आता माझ्यावाचून सापडायची.

वर्षं गेली. चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. मुदत संपलेल्यांची यादी लागली, तीत ही फाइल होती. वीस वर्षांचा वर्ग. मी नव्या सुपरिंटेंडेंटांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मोडीराव, चारशे फाइली आहेत. प्रत्येकीत कुणाचा तरी मुलगा असणार. कुठली ठेवू?"

जाळायच्या दिवशी अंगणात टेबल मांडलं. सुपरिंटेंडेंट खुर्चीवर, मी फाइली देतोय, नंजुंडय्या पानं मोजून रजिस्टरात लिहितायत, आणि हमाल आगीत टाकतोय. मारुतीची फाइल आली. नंजुंडय्यांनी पानं मोजली आणि नेहमीच्या सुरात वाचलं, "एकूण पाने एकवीस. जाळण्यास हजर एकोणीस. पान सात व आठ वाळवीने खाल्लेली." लिहिलं. सुपरिंटेंडेंटांनी सही केली. फाइल आगीत गेली.

मी ती फाइल आदल्याच दिवशी पाहिली होती. वाळवीचं एक भोक नव्हतं तीत. मी नंजुंडय्यांकडे पाहिलं. ते पुढची फाइल मागत होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने एक खोटी नोंद केली नव्हती.

पुढच्या अमावास्येला बाई आल्या. नंजुंडय्या स्वतः उठून दारापर्यंत गेले. कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. कन्नडात म्हणाले, "घेऊन जा, अम्मा. पुन्हा यायचं कारण नाही." बाईंना काही वेळ समजेचना. समजलं तेव्हा त्यांनी कागद पदराखाली धरला आणि पायऱ्या उतरून, मागे न बघता गेल्या. नंजुंडय्या जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. घाबरले होते, मला वाटतं.

महिना गेला. पुढची अमावास्या आली. सकाळी साडेदहाला मान वर केली, तर तुळसाबाई दारात. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवून उघडला. आत स्वच्छ धुतलेल्या फडक्यात तो कागद.

"अण्णा, हे परत ठेवून घ्या."

"अहो अक्का, तुम्हालाच दिलाय तो. तुमचाच आहे."

"दिलात हो. देवासारखे दिलात. पण घरी राहायचा नाही नीट. आढं गळतं. घरात दुसऱ्यांची पोरं, चुलीला कागद शोधत असतात. महिनाभर मी झोपले नाही, उशाशी घेऊन बसते. आणि मी गेल्यावर कोण बघणार त्याच्याकडं? तुमच्याकडं कसं, सरकारी आहे. कायम राहील."

नंजुंडय्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, "काय म्हणते ती?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता.

ते उठले. हात धोतराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. मग जागेवर बसून रजिस्टर काढलं, ते पान उघडलं, टाक शाईत बुडवला. बाई समोर उभ्या. मी उभा. टाकाची शाई वाळली, तरी त्यांचा हात चालेना. शेवटी त्यांनी मान वर करून मला हळूच विचारलं,

"मोडीराव, वाळवीने खाल्लेलं परत आलं, तर काय लिहायचं असतं?"